पांढरी सहाचा सा: गिटारच्या नोंदवहीतून

८ जून, रविवार

गिटार घेऊन चार वर्षं झाली. कॉर्ड येतात, ताल धरता येतो आणि ए मायनर पेंटाटोनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या मालिकेचा, पहिला बॉक्स (बोटांची ठरलेली आकृती) झोपेतही वाजतो. त्यात विशेष काही नाही, गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाला तो येतोच. पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेलं घर) पहिलं बोट, आठव्यावर करंगळी, उरलेलं सगळं पाच आणि सातमध्ये. चार वर्षं मी या चार फ्रेटांत मुक्काम ठोकून आहे. काल मुलगी गृहपाठ करता करता म्हणाली, "बाबा, तू गाणं बदललंस तरी वाजवतोस तेच." आठवीतली पोर, पण बरोबर बोलली.

म्हणून ही वही. कंपनीत फिक्स्चरच्या कामाला ठेवतो तशीच: तारीख, काय केलं, काय बिघडलं. काम एवढंच, की पेंटाटोनिकचे पाचही बॉक्स शिकायचे आणि ते एकमेकांना जोडायचे. कुठूनही कुठेही न अडखळता जाता आलं की काम झालं. मुदत गणपतीपर्यंत. वेळ सकाळी साडेपाच ते सहा, चाकणची बस यायच्या आधी, पिक (तार छेडायची चकती) न घेता, शेजाऱ्यांची झोप सांभाळून. दर रविवारी मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. कितीही वाईट झालं तरी पुसायचं नाही.

१० जून, मंगळवार

काल येताना अप्पा बळवंत चौकातून ग्राफची वही आणली. सहा आडव्या रेघा म्हणजे तारा, पंधरा उभ्या रेघा म्हणजे फ्रेट. पहिल्या कागदावर जाड तार वर काढली, कारण गिटार मांडीवर घेऊन खाली बघितलं की ती वर दिसते. छापील चित्रांत मात्र बारीक तार वर असते. या गोंधळात एक कागद फुकट गेला. शेवटी चित्र नकोच म्हटलं आणि नुसते आकडे लिहिले. सूर पाच: ए, सी, डी, ई, जी. कोणत्या तारेवर कोणत्या फ्रेटला ते मिळतात, ते असं:

सहावी (जाड ई): ३, ५, ८, १०, १२, १५
पाचवी (ए): ३, ५, ७, १०, १२, १५
चौथी (डी): २, ५, ७, १०, १२, १४
तिसरी (जी): २, ५, ७, ९, १२, १४
दुसरी (बी): ३, ५, ८, १०, १३, १५
पहिली (बारीक ई): ३, ५, ८, १०, १२, १५

शेजारचे दोन रकाने घेतले की एक बॉक्स होतो. दुसरा आणि तिसरा रकाना म्हणजे माझा ओळखीचा बॉक्स एक. तिसरा-चौथा बॉक्स दोन, चौथा-पाचवा बॉक्स तीन, पाचवा-सहावा बॉक्स चार. पहिला-दुसरा म्हणजे बॉक्स पाच, तो पहिल्याच्या खाली येतो. म्हणजे एका बॉक्सची उजवी कड तीच पुढच्याची डावी कड. सहावा रकाना तर पहिलाच आहे, बारा फ्रेट पुढे सरकलेला. पाच आकृत्या पाठ करायच्या म्हणून धास्ती घेतली होती. मोजून बघितलं तर नवीन कडा तीनच निघाल्या.

कडा सरळ का नसतात, हेही कागदावर समजलं. गिटारच्या शेजारच्या तारांत पाच फ्रेटांचं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चार. ट्यून करताना आपण पाचवा फ्रेट दाबून पुढची उघडी तार जुळवतो आणि तिसऱ्या तारेवर आलो की चौथा दाबतो. चार वर्षं हे करतोय. पण दुसऱ्या तारेवर पोचलं की आकृती एक घर पुढे ढकलली जाते ती याचमुळे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

१५ जून, रविवार

बॉक्स दोन आणि तीन. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०. बॉक्स दोनमध्ये पाचव्या आणि चौथ्या तारेवर ७ ते १० ताणावं लागतं, करंगळी रडते. बॉक्स तीनमध्ये तिसऱ्या तारेवर हात एक घर मागे, नवव्यावर जातो आणि दुसऱ्या तारेवर परत पुढे येतो. इथे दर वेळी चुकतो. रेकॉर्डिंग ऐकवत नाही.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात मुक्कामी, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत. तिकडचे रस्ते बंद, त्यामुळे क्लासला सुट्टी. वेळ होता म्हणून तारा बदलल्या. पावसाळी हवेने जुन्या तारांना गंज धरला होता, बोट सरकवलं की कर्रर्र आवाज यायचा. नवीन तारा दिवसभर उतरत राहिल्या. सकाळी लावली, दुपारी उतरली, संध्याकाळी परत लावली. वाजवणं असं काही झालंच नाही.

२९ जून, रविवार

पाचही बॉक्स पाठ. सुटे सुटे विचारा, बिनचूक. ए मायनरचा बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार रेकॉर्डिंग) लावला आणि जोडून वाजवायला गेलो, तर सगळं कोसळलं. बॉक्स एकमधून दोनमध्ये जायचं तर मी आधी सहाव्या तारेवर उतरतो, आठवा फ्रेट शोधतो आणि तिथून नवा बॉक्स चढायला लागतो. पहिल्या तारेवर असलो तरी तेच. शेजारच्या गल्लीत जायला दर वेळी स्वारगेटला जाऊन यायचं, असा प्रकार.

क्लासमध्ये सरांना विचारलं. ते म्हणाले, "आता बॉक्स विसरा, मोकळं वाजवा." आणि हातात मेजर स्केलची झेरॉक्स दिली, एका तारेवर तीन सूर, सात आकृत्या. पाच जोडता येत नाहीत म्हणून आणखी सात! विसरायचं कसं, हे त्या झेरॉक्सवर नव्हतं. घडी घालून ती वहीच्या मागे ठेवली आहे.

२ जुलै, बुधवार

मुलीने एक खेळ काढला. ती तार आणि फ्रेट सांगणार ("तिसरी, नऊ!"), मी तिथे बोट ठेवून लगेच वर-खाली चार सूर वाजवायचे. दहापैकी चार जमले. आठव्या फ्रेटच्या आतले सगळे बरोबर आणि पलीकडचे जवळजवळ सगळे चूक. याहून स्पष्ट निदान क्लासमध्येही झालं नव्हतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी खाऊन रेकॉर्डिंगला बसलो, तर आई येऊन शेजारी बसली. आई एके काळी गांधर्व महाविद्यालयात गाणं शिकली. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांनी सुरू केलेलं, तेच. लग्नानंतर परीक्षा थांबल्या, कान थांबले नाहीत.

दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "सा कुठला धरलायस?"

"ए."

"ए म्हणजे काय?"

कपाटावरची पेटी खाली काढली. भाता उघडताच आत ठेवलेल्या डांबरगोळीचा वास आला. शोधलं, ए म्हणजे पांढरी सहा. आईने तिथे सा धरला आणि मी वाजवत होतो ते सूर पेटीवर काढले. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या. "अरे, हा धानी. सा ग म प नी, ग आणि नी कोमल. चार वर्षं धानी वाजवतोयस आणि तुला माहीत नाही?"

मग मी बॉक्स दोन वाजवला, जाड तारेच्या आठव्या फ्रेटवरून सुरू करून. आई म्हणाली, "आता भूप झाला." बॉक्स तीन: "मधमाद सारंग. किंवा मेघ, कसा घेतोस त्यावर." बॉक्स चार सुरू केला तेव्हा तिने डोळेच मिटले. मालकंस. बॉक्स पाच: दुर्गा. सूर तेच पाच, फक्त सा दर वेळी एक सूर पुढे सरकतो, म्हणजे मूर्च्छना. हे तिला परीक्षेला होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं, की मी ज्याला पाच बॉक्स म्हणतो ते पाच रागांचे सूर आहेत.

एक मात्र तिला पटेना. पेटीवर एका सुराला एकच पट्टी. गिटारवर उघडी पहिली तार जो सूर देते, तोच दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवर. वाजवून दाखवलं. "एकाच सुराला एवढ्या जागा कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रात्री ग्राफच्या वहीत पाच बॉक्सांवर पाच रागांची नावं लाल पेनाने लिहिली.

१३ जुलै, रविवार

लाल पेनाने लिहिलेलं सगळं खोडलं.

आठवडाभर "आता भूपात जातो, आता मालकंसात जातो" असं मनात म्हणत बॉक्स बदलत होतो. आज पहिल्यांदा मोबाइलवर तंबोरा लावून बसलो, पांढरी सहा. बॉक्स दोन सुरू केला. भूप होईना. मागे ए वाजत असेल तर बॉक्स दोनही धानीच, तीनही धानी, चारही. तंबोरा पांढरी एकवर नेला तर उलट, माझा चार वर्षांचा बॉक्स एक बसल्या जागी भूपाकडे झुकला. त्या दिवशी मी दर वेळी जाड तारेवरून सुरू करून परत तिथेच येऊन थांबत होतो, म्हणून आईच्या कानाने तो सा धरला. सा ठरवतो तंबोरा. बॉक्स म्हणजे फक्त हात कुठे ठेवायचा ती जागा.

आईला सांगितलं तर ती हसली. "मग? भूप आणि देशकार, दोघांचे सूर एकच. भुपात ग मोठा, देशकारात ध. नुसत्या सुरांवर राग होत असता तर पेटी दुरुस्त करणारेही गवई झाले असते."

पण आठवडा वाया गेला असं नाही. आता प्रश्न वेगळा झालाय. "पुढचा बॉक्स कुठे सुरू होतो" याऐवजी "या बॉक्समध्ये सा कुठे आहे".

१६ जुलै, बुधवार

बसमध्ये, नाशिक फाट्याच्या जाममध्ये, वही उघडून प्रत्येक बॉक्समधले सा गोल केले.

बॉक्स एक: सहावी तार ५, चौथी ७, पहिली ५. बॉक्स दोन: चौथी ७, दुसरी १०. बॉक्स तीन: दुसरी १०, पाचवी १२. बॉक्स चार: पाचवी १२, तिसरी १४. बॉक्स पाच: तिसरी १४, आणि सहावी-पहिलीवर १७, म्हणजे खाली आणलं की ५.

परत वाचलं. चौथी ७ दोनदा आलाय. दुसरी १० दोनदा. पाचवी १२ दोनदा. तिसरी १४ दोनदा. दर दोन बॉक्सांच्या मधल्या कडेवर एक सा आहे! गल्लीच्या तोंडावर मारुती असावा तसा. मग स्वारगेटला जायचं कारणच काय? सावर यायचं, तिथून पलीकडे उतरायचं.

शेजारचा सहकारी बघत होता. त्याला वाटलं मी शिफ्टचं वेळापत्रक लावतोय.

१७ जुलै, गुरुवार

रात्री बायकोच्या टिकल्यांचं पाकीट मागितलं. मरून, सगळ्यात बारीक आकाराच्या. तारांखालून चिमट्याने फ्रेटबोर्डवर पाच टिकल्या लावल्या: चौथी ७, दुसरी १०, पाचवी १२, तिसरी १४ आणि खाली सहावी ५. तिने विचारलं, "गिटारचं हळदीकुंकू आहे का?" पण स्वतःच वाकून एक टिकली सरळ केली.

सरावाची पद्धत बदलली. कुठलाही बॉक्स पूर्ण वाजवायचा नाही. फक्त टिकलीच्या अलीकडचे दोन सूर, टिकली, पलीकडचे दोन सूर, आणि परत. मेट्रोनोम ५०. मधे थांबायचं तर सावरच थांबायचं.

२० जुलै, रविवार

बोटांचं एक गुपित सापडलं. चौथ्या तारेचा सातवा फ्रेट बॉक्स एकमध्ये मी तिसऱ्या बोटाने दाबतो. बॉक्स दोनमध्ये तोच सूर पहिल्या बोटाखाली येतो. इतके दिवस मी तिसरं बोट ठेवून पुढचा बॉक्स शोधत होतो आणि तो हाताच्या पोचेत नव्हता. आता पाचव्या फ्रेटवर पहिल्या बोटाने नी घेतो आणि तेच बोट तारेवरून न उचलता सातव्यावर सरकवतो. नी ते सा अशी मींड होते आणि सा लागेपर्यंत अख्खा हात बॉक्स दोनमध्ये येऊन बसलेला असतो. बाकीच्या टिकल्यांवरही तेच: खालच्या बॉक्समध्ये तिसरं बोट किंवा करंगळी, वरच्यात पहिलं. सूर तोच, बोट बदललं की घर बदललं.

पहिलं ऐकण्यासारखं रेकॉर्डिंग. एक ते दोन आणि दोन ते तीन गुळगुळीत. तीन ते चार खडखड.

चार ते पाचचा नाद सोडलाय. माझी साधी अकूस्टिक, बॉडी चौदाव्या फ्रेटला जोडलेली, कटअवे (हात वरच्या फ्रेटपर्यंत पोचावा म्हणून बॉडीला दिलेली खाच) नाही. तिसरीवरचा चौदावा कसाबसा मिळतो, सतराव्यासाठी मनगट मोडावं लागेल. बॉक्स पाच खाली, २ ते ५ मध्ये वाजवतो. रांग अशी: पाच, एक, दोन, तीन, चार. चौदावरची टिकली आता शोभेची.

२७ जुलै, रविवार

या आठवड्यात फक्त एक तार. चौथी: २, ५, ७, १०, १२, १४. म्हणजे प, नी, सा, ग, म, प. आईच्या सांगण्यावरून वाजवताना तोंडाने म्हणायचं. सकाळी साडेपाचला कुजबुजत सरगम म्हणणारा माणूस कसा दिसतो ते विचारू नका.

सापासून वर अंतरं ३, २, २, ३, २. ती तोंडात बसली की कुठल्याही तारेवर फ्रेट न मोजता सापडतं. तार बदलली तर फक्त सुरुवातीचा सूर वेगळा. दुसऱ्या तारेवर १ पासून: ग, म, प, नी, सा. एका तारेवर बॉक्स नसतोच, त्यामुळे भिंतही नसते. हे मी पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं.

आईची तक्रार: गिटारचा कोमल ग तिला "कोरडा" लागतो. फ्रेट ठोकलेले, पेटीसारखेच, बारा सारखे भाग. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, हे ती अजून सात्त्विक समाधानाने सांगते, स्वतःच्या घरात पेटी ठेवून. मी दुसऱ्या तारेचा तेरावा दाबून तार किंचित वर ओढली. ग पाव सुराहूनही कमी चढला. आई म्हणाली, "हां. हे पेटीला जमायचं नाही." गिटारला तिच्याकडून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

५ ऑगस्ट, मंगळवार

नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव जोरात. संध्याकाळी तिकडे मित्राकडे गेलो होतो, गिटार घेऊन. खिडकी बंद करूनही मेट्रोनोम ऐकू येईना. मग ढोलांवरच वाजवलं. ते वाढवत नेतात, आपण मागे पडतो, पण एक फायदा झाला: विचार करायला वेळच नाही. तीन ते चारचा सांधा दोनदा आपोआप गेला. तिसऱ्यांदा "गेला की!" असं मनात आलं आणि लगेच चुकलो.

१० ऑगस्ट, रविवार

मुलीचा खेळ पुन्हा. दहापैकी नऊ. चुकलेलं एक: तिसरी तार, नववा फ्रेट. पोरीला तो आकडा बरोबर लक्षात आहे, दर वेळी तोच विचारते.

१७ ऑगस्ट, रविवार

पाय जमिनीवर आले. सोसायटीच्या गणपतीत एका गाण्याला साथ करायची आहे. तयारी म्हणून सा बदलून बघितला: पांढरी दोन, म्हणजे डी. जाड तारेवर दहावा फ्रेट. बॉक्स एक तिथे गेला, तेवढं कळलं. पुढे अंधार. पाचव्या फ्रेटपाशी, जिथे आयुष्य काढलं, तिथे आता बॉक्स चार आलाय आणि सा पाचव्या तारेच्या पाचव्यावर आणि तिसरीच्या सातव्यावर. बोटं मात्र टिकल्यांकडे धावतात, जिथे आता सा नाहीच.

मी संबंध शिकलो असं वाटत होतं, प्रत्यक्षात पत्ते पाठ केले होते. टिकल्या काढल्या. डिंकाचे पाच ठिपके राहिले, ते कापडाने पुसले तरी बोटाला लागतात.

२० ऑगस्ट, बुधवार

नवीन नियम: सकाळी उठल्यावर मुलीच्या कंपासमधल्या चिठ्ठ्यांतून एक काढायची (पांढरी एक ते सात, काळी एक ते पाच), तो सा, त्या दिवसापुरता. आधी त्या सुराचे सगळे सा शोधायचे. जाड तारेवर सापडला की चौथीवर दोन घरं पुढे. पाचवीवरून तिसरीवर दोन पुढे. चौथीवरून दुसरीवर तीन पुढे, तिसरीवरून पहिलीवरही तीन. मग सांधे. बॉक्सांचे क्रमांक म्हणायला बंदी. तीन दिवसांत काळी तीन, पांढरी चार, काळी एक निघाल्या. वेग ५० वरून ४० वर आणलाय. लाज वाटली तरी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. मोदकांच्या उकडीत हात, गिटारला सुट्टी.

३१ ऑगस्ट, रविवार

काल सोसायटीत कार्यक्रम झाला. गाणारी मुलगी काळी पाचमध्ये गाते, म्हणजे ए शार्प. कॉर्ड सोपे पडावेत म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला आणि ए मायनरचे आकार धरले. इथपर्यंत ठीक. दोन कडव्यांच्या मधे मला आठ मात्रांचे दोन तुकडे दिले होते. पहिला झाला. दुसऱ्यात बॉक्स एकमधून वर जाताना चौथ्या तारेवर सा घ्यायचा. हात गेला सातव्यावर, कारण मानेच्या कडेला पांढरा ठिपका सातव्यावर आहे आणि डोळ्याने तो बघितला. कॅपोमुळे सा आठव्यावर सरकला होता. शुद्ध नी वाजला, लांबलचक, धानीत ज्याला जागाच नाही. पोटात गोळा. पहिलं बोट तारेवरच होतं, ते तसंच एक घर पुढे सरकवलं आणि सावर थांबलो.

खाली उतरल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "ती मींड काय सुंदर घेतलीत हो!" मी नमस्कार केला. आई मागच्या खुर्चीवर होती. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. लिफ्टमध्ये म्हणाली, "नी होता तो."

७ सप्टेंबर, रविवार

मिरवणूक अजून चालू आहे, टीव्हीवर सकाळपासून अलका चौक. मुदत संपून गेली. बसून जूनपासूनची सगळी रेकॉर्डिंग ओळीने ऐकली. जूनमधला माणूस प्रत्येक वळणावर दम खातो. आताचा खात नाही, पण पाचव्या तारेवरचा सांधा अजून अडतो, आणि तुकड्यांची सुरुवात दहापैकी आठ वेळा त्याच दोन सुरांनी होते. पुढच्या वहीचं काम हेच असणार.

दुपारी वाजवत बसलो होतो, तंबोरा पांढरी सहावर. चहा टाकायला उठलो. परत येऊन सुरू केलं तर काहीतरी वेगळंच, जड, खर्जातलं. बोटं त्याच घरांत होती. आईने मधल्या वेळात माझ्या मोबाइलवर तंबोरा पांढरी तीनवर नेऊन ठेवला होता आणि स्वतः पेपर वाचत होती, किंवा तसं दाखवत होती. मालकंस. ई हा सा. मग शोधणं आलं: पाचवी ७, तिसरी ९, सहावी आणि पहिली १२, चौथी १४, दुसरी ५.

हे तर पुन्हा सांध्यांवरच! एक-दोनच्या कडेवर पाचवी ७, दोन-तीनच्या कडेवर तिसरी ९, तीन-चारवर १२. मुलीची लाडकी "तिसरी, नऊ" म्हणजे मालकंसाच्या वाटेवरचा सा निघाला.

जूनचा तक्ता काढला. तिसरा रकाना वरून खाली वाचला: ८, ७, ७, ७, ८, ८. सुरांत सी, ई, ए, डी, जी, सी. चौथा: डी, जी, सी, ई, ए, डी. पाचवा: ई, ए, डी, जी, सी, ई. प्रत्येक कडेवर सहा तारा, पाचही सूर हजर, एक दोनदा. त्या दिवशी बसमध्ये मी फक्त सा गोल केले, म्हणून मला कडेवर फक्त सा दिसला. ए, सी, डी, ई, जी, कुणालाही सा करा, प्रत्येक सांध्यावर तो भेटतो. आणि सा नसलेल्या सुरावरूनही ओलांडता येईल, ग वरून, प वरून, कुठूनही. सहा तारांवर सहा वाटा, मी त्यातली एक वापरतोय.

आईला तक्ता दाखवला. चष्मा लावून तिने रकान्यावरून बोट फिरवलं, खालून वर. "मग आता म वरून जाऊन दाखव."

चौथी तार, बारावा फ्रेट, डी. तंबोरा पांढरी तीन, म्हणजे हा म नव्हे, नी. तिसऱ्या प्रयत्नात लक्षात आलं. म पाचव्या तारेवर, तो अडणारा सांधा. आई पेपर बाजूला ठेवून थांबली आहे. चहा गार झाला.